तान की तहान?

गुरुवार, संध्याकाळ. अजून हॉस्पिटलातच.

जिंकले मी! मुक्ताच्या टॉन्सिलचं ऑपरेशन छान झालं, पण मी जिंकले ते निराळंच.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "बच्ची घर में क्या बोलती है?" मी चिडूनच सांगितलं, हिंदी. मी मराठीत विचारते, ही हिंदीत उत्तर देते. बनारसच्या ब्रह्माघाटावरच्या मराठी घरात जन्मून! बाई हसल्या. मुक्ताचे डोळे मिटेपर्यंत त्यांनी मला तिचा हात धरू दिला. मग दार बंद. जागच आली नाही तर? दुसरं काही सुचेना.

शेवटी सिस्टर बाहेर आली. "बच्ची होश में है. बार-बार तान माँग रही है. गाना सीखती है क्या?"

तान? आमची मुक्ता आणि गाणं? बनारसच्या सिस्टरला दुसरं काय ऐकू येणार! मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी धावलेच. डॉक्टरबाई ओल्या कापसानं तिचे ओठ टिपत होत्या आणि पोर अर्धवट डोळ्यांनी म्हणत होती, "आई, तहान." मम्मी नाही, आई! भुलीतनं बाहेर येताना मराठीच आली की नाही? झोपताना हात माझा, उठतानाही माझाच. त्या बाईंचं किती कौतुक करू?

आत्ता स्वारी पुन्हा मूळपदावर. "मम्मी, प्यास लगी है."

मी मुद्दाम विचारलं, "तान हवी?"

घसा धरून, कुजबुजत, पण चांगली डाफरली माझ्यावर: "तान नहीं मम्मी, तहान!"