अनस्केद्ड म्हणे!

अहो,

'प्रिय' वगैरे लिहीत नाही. एवढा संसार केला, तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, आता गेल्यावर कुठं प्रिय म्हणत बसू? आणि खरं सांगू? आज मी तुमच्यावर चिडले आहे. म्हणून तर संध्याकाळची ट्यूशन आटोपली आणि लिहायला बसले.

सकाळी तुमच्या कंपनीतले मेहतासाहेब आले होते, ते सेफ्टीवाले. उद्या सेफ्टी डे आहे. तुमचा हा मोठा फोटो केलाय, तो गेटच्या आत लावणार. मी हार घालायचा आणि दोन शब्द बोलायचे. फोटो घेऊनच आले होते. खाली इंग्रजीत पट्टी चिकटवलेली, भयंकर स्फोटातून 'अनस्केद्ड' बाहेर आलेले आमचे दिघेभाई. "बेन, तमे तो इंग्लिशना टीचर, जरा स्पेलिंग जोई आपो ने!" म्हणाले. स्पेलिंग बरोबर होतं हो. मी म्हटलं, हा शब्द तेवढा काढा. तर हसले. "केम? शब्द तो एकदम बराबर छे!"

बराबर! आपल्या ह्या अर्ध्या कारेलीबाग भागातल्या पोरांना हा शब्द मीच शिकवलाय. अनस्केद्ड म्हणजे सुखरूप, अंगाला ओरखडासुद्धा न लागलेला. नुसता घरात बसलेला माणूस अनस्केद्ड नसतो, आधी काहीतरी संकट हवं, आग हवी, अपघात हवा, आणि त्यातून तो जसाच्या तसा बाहेर यायला हवा, असं मी घसा फोडून सांगते. वाक्यात उपयोग करा म्हटलं की पोरं लिहितात, बस उलटली पण ड्रायव्हर अनस्केद्ड बाहेर आला. मी बरोबरची खूण करते. त्या ड्रायव्हरला घरी जाऊन जेवण गेलं का, हे कोण विचारतंय?

तुम्ही आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. स्फोटाची बातमी आधीच आली होती. सगळी सोसायटी खाली जमलेली, सासूबाई देव पाण्यात घालून बसलेल्या. आणि तुम्ही कुणाच्या तरी स्कूटरवरून उतरलात, चष्म्याची काचसुद्धा शाबूत! तुमचे जोडीदार साळुंखे दोन्ही हात भाजून दवाखान्यात आणि तुम्ही भिंतीच्या पलीकडे होतात म्हणून वाचलात. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, शेजारच्या कोकिळाबेननी पेढे वाटले. तुम्ही सगळ्यांना हसून "मजामा, मजामा" म्हणत होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाढलं आणि मी पुन्हा भाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात ते जिना उतरून पार रस्त्यावर. अनवाणी, उष्ट्या हातानं! मागून धावत आले तर तुम्ही रिक्षा स्टँडपाशी उभे, थरथर कापताय. तिथंच मला म्हणालात, "कुणाला सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

झालं. कुकर माळ्यावर गेला. तेव्हापासून मी पातेल्यात डाळ शिजवली. कोकिळाबेननी विचारलं तर म्हणायचे, ह्यांना कुकरचं वरण आवडत नाही. पण माझा कुकर बंद केला म्हणून सोसायटीतले थोडेच बंद होणार होते? सकाळी दहा वाजले की चारी बाजूंनी शिट्ट्या! सेकंड शिफ्ट असली की तुम्ही घरात, केबल टीव्हीचा आवाज मोठा करून सोफ्याचा हात घट्ट धरून बसलेले. लोकांना वाटायचं, दिघेभाईंना गाण्यांचा भारी शौक.

साळुंख्यांचे हात दिसत होते. त्यांना रजा मिळाली, हलकं काम मिळालं, लोक भेटायला जाताना फळं घेऊन जायचे. जायलाच हवं होतं, त्या माणसानं फार सोसलं. पण तुमचं काय दाखवणार होते मी? तुम्हाला सोमवारी त्याच प्लांटवर शिफ्ट! काही लागलंच नाही म्हटल्यावर रजा कशाची मागणार?

आणि मग ते गाड्यांचं खूळ! त्या वर्षांत जो उठेल तो कर्ज काढून मारुती घेत होता. कोकिळाबेनच्या घरी आली तेव्हा त्यांच्या मिस्टरांनी टूम काढली, "पहेलां दिघेभाईने बेसाडो!" ज्याला मरण शिवलं नाही तो पहिला बसला की गाडीला अपघात व्हायचा नाही म्हणे. झालं, रीतच पडली! बॉनेटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि पुढच्या सीटवर तुम्ही. आधी सोसायटीतले, मग कंपनीतले, मग पार वाडी भागातून कोण कुठले अनोळखी लोक नारळ घेऊन दाराशी. तुम्हाला इस्त्रीचा शर्ट घालून नेणार, नव्या गाडीची काच बंद करणार, पेट्रोलचा वास, इंजिनाची घरघर! घरी यायचात ते घामानं चिंब होऊन, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचात.

नाही म्हणायला काय धाड भरली होती हो तुम्हाला? मी भांडले की एकच उत्तर. "लोकांना बरं वाटतं गं. आपलं काय जातं?"

आपलं काय जातं! तुम्ही गेलात की! दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आणि दारात चपला काढता काढता कुणीतरी म्हणालं, "एवढ्या स्फोटातून सुखरूप सुटले, आणि बघा, साध्या हार्टनं गेले." साध्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण तुमची शपथ.

आज दुपारी अश्विनी आली होती, पलीकडच्या ब्लॉकमधली. तिचा नितीन तुमच्याच प्लांटवर आहे. गेल्या महिन्यात तिथं गॅस गळला, नितीन सुखरूप बाहेर आला, पेढे झाले. बसली, पाणी प्याली, आणि एकदम रडायलाच लागली. "काकू, हे आंघोळीला गेले तरी दार लावून घेत नाहीत. जेवण जात नाही. कुणाला सांगू नकोस म्हणतात. आणि परवा खालच्या शहांनी नवी गाडी घेतली तर ह्यांनाच बोलवायला आले. काका नाहीत, आता तू बैस म्हणाले. काकू, काकांना कधी असं व्हायचं का हो?"

अहो, बघा. तुमची गादी चालवायला माणूस तयार झाला! कोवळं पोर, अजून तिशी नाही, आणि उद्या त्याच्या नावानं नारळ फुटणार. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. म्हटलं, उद्या सेफ्टी डेला मी बोलणार आहे. नितीनबरोबर तूही ये, दोघं पुढच्या रांगेत बसा.

म्हणजे तुमची शपथ मी मोडणार. उद्या माइकवर रिक्षा स्टँडपाशी उभे असलेले तुम्ही सांगणार, माळ्यावरचा कुकर सांगणार, आणि घामानं भिजलेले ते इस्त्रीचे शर्ट सांगणार. मराठीत सांगेन आणि गुजरातीतही सांगेन, म्हणजे समजलं नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. मेहतासाहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होईल, होऊ दे. नितीनला मी कुणाच्या गाडीत बसू देणार नाही. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं, हे सगळ्यांदेखत म्हणेन. तुम्हाला न्यायला हवं होतं. तुम्ही येऊ दिलंत का मला जवळ?

फोटो मी ठेवून घेतलाय, उद्या मीच घेऊन येते म्हटलं. खालची पट्टी ओल्या फडक्यानं पुसून पुसून सोलून काढली. आता खाली काही नाही, नुसते तुम्ही आहात, तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले.

रागावणार असाल तर रागवा. पण अजून एक ऐका. तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी मी अजून पातेल्यातच डाळ शिजवते, माहीत आहे का तुम्हाला? शेजारी शिट्टी झाली की माझ्याच हातातलं उलथनं गळून पडतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुमचंच तुम्हाला पुरे होतं. आज कुकर खाली काढला, घासला, नवी रिंग आणून बसवली. उद्या तुमच्या कंपनीतून आले की वरणभाताचा कुकर लावीन. अश्विनी आणि नितीनला जेवायलाच बोलावलंय. शिट्टी होताना तो उठून पळाला, तर मी त्याच्या मागून जाईन आणि सगळ्या सोसायटीसमोर त्याचा हात धरून उभी राहीन.

तुमची,
सुमन