वरचीपेक्षा पाच दांड्या जास्त

४ मार्च, मंगळवार
केबल तोडून महिना झाला. निर्णय माझा, म्हणून योग्य. हवेतून फुकट येतं ते पकडायचं. टीव्हीवरचा दोन कानांचा अँटेना तीन चॅनेल दाखवतो, तीही मुंग्यांतून.
हे रोज सहाला वरच्या मजल्यावर जातात. बातम्यांना, म्हणे. वरची एकटी राहते, शिवणकाम करते, केस रंगवते. आपल्या टीव्हीत काय वाईट आहे, म्हणून विचारलं. म्हणाले, वर खरखर नसते.
मुद्दा रास्त आहे. खरखर गेली की हे घरी बसतील.

५ मार्च, बुधवार
खाली उभं राहून पाहिलं. वरचीच्या बाल्कनीत हा थोरला अँटेना. आडव्या दांड्या अकरा. तोंड पाण्याच्या टाकीकडे. बाईने आजवर चकार शब्द काढला नाही. आतल्या गाठीची.

७ मार्च, शुक्रवार
दुकानदार म्हणाला, काकू, टॉवर तुमच्यापासून चारच किलोमीटर, काचेला चिकटवायचा चपटा पुरेल. त्याला सांगितलं, मी सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले आहे, मला वाचता येतं. सोळा दांड्यांचा घेतला. टॉवरची दिशा मोबाईलवर बघून घ्या म्हणाला. गरज नाही. दिशा मला ठाऊक आहे.
घरी येऊन माहितीपत्रक वाचलं. इंग्रजीत नऊ चुका. पेन्सिलने दुरुस्त केल्या.

८ मार्च, शनिवार
अँटेना बसवला. तोंड टाकीकडे, वरचीच्या अगदी समांतर. टीव्हीला चॅनेल शोधायला लावलं. सापडली शून्य.
यांना वायर धरायला सांगितली होती. सहा वाजता वायर जमिनीवर ठेवून वर गेले. साडेसातला आल्यावर विचारलं, काय बातम्या. विशेष काही नाही म्हणाले. दीड तास बसून विशेष काही नाही.

९ मार्च, रविवार
सकाळी वरचीच्या अँटेनाचं तोंड रस्त्याकडे. मीही फिरवला. शून्य. दुपारी ऊन पलीकडे गेलं तर तिचा पुन्हा टाकीकडे. मीही. शून्य. बाई मला मुद्दाम नाचवते आहे.
चार वाजता त्यावर टॉवेल पसरले होते. झाकते कोणापासून? दांड्या मोजायच्या त्या मी मोजल्यात.

११ मार्च, मंगळवार
यांना म्हटलं, वर किती चॅनेल दिसतात ते मोजून या. बघतच राहिले. मग म्हणाले, तूच एकदा वर चल ना.
मी लोकांच्या दारात चित्रं बघायला जात नाही.

१३ मार्च, गुरुवार
फिटिंगवाल्याला बोलावलं. माझं चुकलं म्हणून नव्हे, गुडघ्यामुळे. त्याने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, मावशी, टॉवर तुमच्या पाठीमागे आहे. अँटेना उलटा केला. एक्केचाळीस चॅनेल.
मग वरच्यांचा टाकीकडे कसा, विचारलं. तो वाकून बघून म्हणाला, ते कपडे वाळत घालायचं स्टँड आहे.
असेल. म्हणजे खरा अँटेना आत ठेवलाय.
साडेपाचला टीव्ही लावून चहा केला. हे बसले. चित्र छान आहे म्हणाले, अगदी स्वच्छ. चहा संपवला. सहाला चपला घातल्या.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.४०
वर जाऊन आले. हे चष्मा विसरले होते, तो द्यायला. दार उघडं होतं. हे खुर्चीत, हातवारे करून काहीतरी सांगत होते. मला पाहून हात मांडीवर ठेवले.
शिलाई मशीन, दोन खुर्च्या, कापडाचे गठ्ठे. टीव्ही नाही. आत आहे का, विचारलं. वरची म्हणाली, ताई, मी टीव्ही कधी घेतलाच नाही. विचारलं, मग बातम्या? म्हणाली, साहेबच सांगतात ना, त्यांच्या ऑफिसातल्या. वेळ कसा जातो कळत नाही.
त्या ऑफिसातून हे बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाले.
बसा ना म्हणाली. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. नव्हतं.

७.०५
टीव्ही लावला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चॅनेल तपासली. एक मुंगी नाही. मग आवाज बंद केला, वरचं काही ऐकू येतं का बघायला.
खुर्ची सरकली. कोणी पुरुष मोठ्याने हसला. वरचीकडे आणखी कोण आलंय, कळेना. बराच वेळ कान देऊन बसले.
मग ओळखलं. हेच होते.