तुला मी कामाला येऊ दिलं नाही

प्रिय आई,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत बाबा पाहुण्यांना सांगत होते, "तिला मी कदी काय कमी पडू दिलं न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही वाढत राहिले. पण ते खरं नव्हतं, आणि त्यात माझाही वाटा होता. म्हणून लिहितेय.

मी एकोणीस वर्षांची असताना बाबांनी भूगावचं स्थळ पक्कं केलं. तू एवढंच म्हणालीस, "पोरीला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं?"

"मंग मी इचारते." आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळलीस. "करायचंय का तुला?"

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आपल्या नांद्याहून पिरंगुटच्या शर्टांच्या कंपनीपर्यंत तू माझ्यासोबत आलीस. वॉचमनला सांगितलंस, "हिला काम पायजे." बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. तुला त्याचं काहीच कसं वाटलं नाही गं? की वाटलं, आणि मी विचारलंच नाही?

पुढे शेत विकलं, घरामागे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. बाबांना भाडं सुरू झालं. तुझं मात्र कामच गेलं. जन्मभर भात लावलेली बाई तू, दिवसभर ओट्यावर बसून राहायचीस. तोवर मी सुपरवायझर झाले होते. एकदा म्हणालीस, "मला बी ने की. शिवल्याल्या शर्टाचं धागं कापाया मला जमंल."

"नको आई. सुपरवायझरची आई धागे कापते, बरं दिसतं का ते?"

"बरं," म्हणालीस आणि तांदूळ निवडायला घेतलेस. भांडली का नाहीस? माझ्यासाठी बाबांशी भांडलीस, स्वतःसाठी माझ्याशी नाही!

चार महिन्यांनी तू गेलीस. ओट्यावरच.

गेल्या आठवड्यात डोंगरावरच्या वाडीतली एक बाई धागे कापायचं काम मागायला आली. वय तुझ्याएवढं. ऑफिसातले म्हणाले, "हिला दिसेल का नीट?" मी तिच्या हातात शर्ट आणि कात्री दिली. तिनं एकही धागा सोडला नाही. तिला घेतलं. यानं तुझं काही भरून निघालं, असं मी मानत नाही.

काल तिनं विचारलं, "ताई, मला मशीन यील का वो?" मी म्हणाले, परवा सांगते. तुला आजच सांगते: उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत मी तिला शिलाई मशिनीवर बसवणार आहे. येईपर्यंत शिकवीन.

तुझी,
सविता