होऊन राहिलं

सर,

राइस मिलच्या भंगारातून आणलेल्या अँगलची चार मजली मांडणी माझ्या हातची. तिच्यावर ठेवलेल्या सोळा जुन्या कम्प्युटरांतले नऊ मेलेले होते, ते मी उठवले. सतरा केबली कापून, आठही तारा रंगाच्या क्रमानं लावून टोकं दाबली, त्यातलं एकही टोक पुन्हा करावं लागलं नाही. कूलरच्या पत्र्यातून हवेसाठी बोगदा वळवला. आणि दाराजवळची दिव्यांची पाटी: सोळा यंत्रांचे सोळा लाल दिवे, काम चालू तोवर जळणार, काम संपलं की विझणार. ती पाटी तर तुमच्या एकाही पुस्तकात नव्हती, माझ्या डोक्यातून आली. दहावी नापास, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस शेजारी शब्दकोश ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचत गेला आणि त्यानं हे सगळं केलं. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना ताठ बसणं मला जमेल असं वाटत नाही.

तुम्ही पुण्याहून आमच्या गोंदियाच्या कॉलेजात शिकवायला आलात तेव्हा मी तिथं लॅब असिस्टंट होतो, म्हणजे खुर्च्या पुसणारा. एक मोठं काम अनेक छोट्या यंत्रांनी वाटून घेऊन एकाच वेळी कसं करायचं, हा तुमच्या पीएचडीचा विषय. पोरांना तो समजत नव्हता. तुम्ही फळ्यावर चौकोन काढता आहात, बाण काढता आहात, पोरं खिडकीबाहेर बघताहेत, आणि मी मागून बोलतो, "सर, तलावाचं पाणी बांध्यांतून उतरते तसं सांगा ना." तुम्ही खडू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी नागऱ्याकडच्या धानाच्या शेतात सगळा वर्ग. एकेका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, एकेक पोरगा उभा. प्रत्येकानं आपल्याच बांधीचं पाणी मोजायचं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, किती आलं एवढंच शेजारच्याला सांगायचं. वर उभं राहून सगळं शेत बघणारा कोणी नाही. तासाभरात जो विषय पोरांच्या अंगात शिरला, तो तुमच्या प्रबंधात 'बांधी पद्धत' म्हणून छापला गेला. सोळा यंत्रांवर आपण हेच चालवलं: एका तलावाचं पाणी, सोळा पट्टे, आणि शेवटी प्रत्येकानं आपलं उत्तर पहिल्या यंत्राकडे पाठवायचं.

आता तो दिवस. त्याआधीच्या दिवशी पाहुणे प्राध्यापक आले होते आणि मी त्यांना काही समजावत होतो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "प्रयोगशाळेत जरा शुद्ध बोलत चला. हे करून राहिलो, ते जाऊन राहिलो, शास्त्राची भाषा आहे का ही?" पाहुणे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर जेवलो नाही. (हे पत्र तुमच्या मराठीत लिहितो आहे. तीही मी शिकलो, कोणी शिकवली नाही.)

दुसऱ्या दिवशी सोळा यंत्रांचं मोजमाप होतं. कोणत्याच दोन यंत्रांची घड्याळं जुळत नव्हती, म्हणून तुम्ही स्टॉपवॉच घेऊन पुढच्या खोलीत बसलात आणि मी मागच्या खोलीत दिव्यांच्या पाटीसमोर उभा. पंख्यांचा आवाज एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. चौदा दिवे विझले. अकरा नंबर आणि चौदा नंबर जळताहेत, उत्तर पाठवायला रांगेत उभे. तुम्ही ओरडता, "झालं का?" मी ओरडतो, "होऊन राहिलं, सर!" आमच्याकडे याचा एकच अर्थ: चालू आहे, थांबा. पुण्याकडच्या कानाला 'होऊन' एवढंच पोचलं, म्हणजे झालं. तुम्ही घड्याळ दाबलं. एकेचाळीस सेकंद.

खरे बासष्ट होते, माझ्या मनगटी घड्याळावर मीही मोजत होतो. मी बाहेर आलो तर तुम्ही आकडा लिहून मोकळे, एका यंत्रापेक्षा साडेतेरापट वेग, चेहरा असा उजळलेला की मी तो तसा पुन्हा कधी पाहिला नाही. एक वाक्य बोलायचं होतं. मी मनात म्हटलं, आमची भाषा शास्त्राची नाही ना, मग ऐका तुमच्या कानांनी. माझ्या वहीत मात्र लिहिलं: "सरांनी घड्याळ थांबवलं तेव्हा ११ आणि १४ चालू. खरी वेळ ६२." खाली सही. नंतर मी एकट्यानं अकरा वेळा चालवून पाहिलं, दर वेळी साठ ते चौसष्टच्या मध्ये. नऊपट, जास्त नाही. मग तुमचा प्रबंध छापून आला आणि आभाराच्या पानावर माझं पूर्ण नाव होतं. ते पान दाखवायला मी गावभर फिरलो. त्यानंतर सांगणं रोज थोडं अवघड होत गेलं, आणि दोन वर्षांत तुम्ही हे जग सोडून गेलात. त्याला एकोणीस वर्षं झाली.

कॉलेजनं यंत्रं भंगारात काढली तेव्हा मी ती घरी आणली, मांडणीसकट. यंदा सालेकशाकडची एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. पीएचडी करते. तुमची बांधी पद्धत तिला नव्या यंत्रांवर वाढवायची आहे, पण आधी जुन्या सोळांवर तुमचा आकडा आला पाहिजे, आणि तो येत नाही. आठ महिने ती माझ्या पडवीत बसून मोजते आहे. नऊपट. पुन्हा नऊपट. तिचे मार्गदर्शक तुमचेच विद्यार्थी, आपल्या गोंदियाचेच, आता मोठ्या संस्थेत. ते तिला म्हणाले की आलेखावर सरांची रेघ सरळ जाते आणि तुझी वाकते, म्हणजे चूक तुझी. महिनाअखेर आकडा जुळला नाही तर विषय बंद, शिष्यवृत्ती बंद. मी तिला चहा द्यायचो आणि केबली तपासून द्यायचो. केबलीत काही नाही हे मला ठाऊक होतं.

परवा दुपारी तिनं वही मिटली आणि म्हणाली, "काका, मी सोडून राहिली. माह्या डोस्क्यातच नसन हा विषय." मला बसवेना. आतून जुनी वही आणली, ते पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं. परत वाचलं.

"तुमाले मालूम होता?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मंग आठ महिने मले चहा कायले पाजला, काका?"

ती रडली नाही. फोन काढून पानाचा फोटो घेतला, आणि मग म्हणाली, "म्हणजे रेघ वाकतेच. शेवटच्या रांगेपायी वाकते. मी हेच म्हणून राहिली होती ना!" आणि तिथंच तुमच्या पद्धतीला तिनं सुचवलेली दुरुस्ती मला समजावू लागली: सगळ्यांनी एकट्या पहिल्याकडे धावायचं नाही, दोघादोघांनी आपली उत्तरं आधी एकत्र करायची, मग पुढे द्यायची. सर, ती बरोबर आहे. मला हे सुचलं नाही, याचाही राग आला.

आज सकाळी मार्गदर्शक गाडीतून आले. ती दाराशी उभी होती. त्यांच्या संस्थेत तुमच्या नावानं प्रयोगशाळा होते आहे, तिथं यंत्रांसकट मांडणी आणि दिव्यांची पाटी काचेत ठेवायची, खाली माझं नाव, आणि मला त्याची मोठी रक्कम. आणि एका कागदावर माझी सही, की सोळा यंत्रांचं मोजमाप माझ्यासमोर झालं आणि बिनचूक आहे. मी वहीचं पान दाखवलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं.

"भैयाजी, वीस साल पुरानी बात. आता कोण विचारते?"

"ही विचारून राहिली," मी म्हटलं.

"सरांचं नाव खराब होईल."

"सरांचं नाही. माझं. सरांनी विचारलं होतं, मी सांगितलं नाही."

ते खुर्चीवर बसले. हळू आवाजात म्हणाले, हे पान वहीतून काढा, बाकी वही, यंत्रं आणि सही द्या, रक्कम तीच. सर, त्यांचाही तुमच्यावर जीव आहे, हे मला त्या आवाजातून कळलं. मी त्यांच्या कागदावर, त्यांच्याच पेनानं लिहिलं: एकेचाळीस चूक, बासष्ट खरे, चूक माझी. सही केली. त्यांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि तिच्याकडे हात पुढे करून म्हणाले, "तुझा तक्ता दाखव."

तुम्हाला लिहिलेला हा कागद मी कोणाला देणार नाही, ती पडवीत बसून मोजते आहे तिलाही नाही. लोकांसमोर लिहायचं ते लिहून झालं. पण एक गोष्ट मी त्या कागदावर लिहिली नाही. पान फाडून वही, यंत्रं, पाटी आणि सही देण्याचा सौदा मी नाकारला खरा, पण लगेच नाही. ऐकू आलं नाही असं दाखवून रक्कम त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा वदवून घेतली, आणि मगच नको म्हटलं: चार लाख ऐंशी हजार.