न घातलेली फुंकर

आई, आज सकाळी विळीवर कैरी चिरताना डाव्या हाताचे बोट कापले. जखम उथळ आहे. तू शिकवल्याप्रमाणे आधी ती वाहत्या पाण्याखाली धरली, भोवतालची कातडी साबणाने धुतली, स्वच्छ फडक्याने बोट दाबले आणि हात वर करून उभा राहिलो. उभ्या उभ्या खडकीच्या क्वार्टरमधली मोरी आठवली.

मी सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला आहे, आणि तू कारखान्याच्या दवाखान्यात दिवसभर कामगारांच्या जखमा बांधून नुकतीच घरी आली आहेस. शेजारच्या काकू मुठीत हळद घेऊन धावत येतात. "काकू, हळद आमटीत घाला, तिथे तिची गरज आहे," असे त्यांच्याकडे न पाहता म्हणत तू माझा गुडघा नळाखाली धरतेस. मग पदर नाकातोंडावरून घेऊन मागे खोचतेस आणि उकळलेल्या चिमट्याने एकेक खडा काढू लागतेस. फार झोंबते. इतर मुलांच्या आया अशा वेळी काय करतात, हे मी पाहिलेले आहे.

"आई, फुंकर घाल ना."

"तोंडातले जंतू जखमेत जातात. रडायचं तर रड. रडण्यानं जखम चिघळत नाही."

माझी एकही जखम कधी चिघळली नाही. हिशेबातल्या चुका शोधण्यात माझी सारी नोकरी गेली, पण तुझ्या या नियमात मला अजून चूक सापडलेली नाही. तरीही तुझा चेहरा आठवू लागलो की पदराच्या वरचे दोन डोळेच आधी येतात, आणि ते माझ्याकडे नव्हे, जखमेकडे पाहत असतात. त्या पदरामागचा श्वास एकदा तरी माझ्यापर्यंत यावा, एवढेच मला हवे होते. तू जाऊन इतकी वर्षे झाली. ते हवेपण काही गेले नाही.

आज लेक पट्टी घेऊन आली. "बाबा, जखमेचं ऑडिट झालं असेल तर बांधू का?" मी फडके काढले. तिने बोट जवळ घेतले आणि मी काही सांगण्याआधीच त्यावर हळूच फुंकर घातली.

"झोंबतंय?"

"नाही," मी म्हणालो.

नियमाप्रमाणे जखम पुन्हा नळाखाली धरायला हवी होती. हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितो: मी ती धुतली नाही. तशीच बांधून घेतली.