साहेब मला ‘तू’ म्हणाले

सोमवार, ४ फेब्रुवारी १९८५, बॉन, पश्चिम जर्मनी
लिस्बनचं राजदूतपद रिकामं झालं. परराष्ट्र खात्यात माझी एकतीस वर्षं झाली, वय साठ. आता नाही तर कधीच नाही. नाव आमचे विभागप्रमुख रेन्शसाहेब ठरवणार, म्हणजे काळजी नाही. परवा लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसले.
संकल्प : रोज दहा पोर्तुगीज शब्द.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
शब्द : एकूण तीन. इर्मगार्डला म्हटलं, चर्चमधल्या गाण्याला रामराम ठोक, राजदूताची बायको होणार आहेस. म्हणाली, पुन्हा? ही पाचवी वेळ. बायकोला परराष्ट्र धोरण कळत नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी
कार्निव्हलचा सण. आज बायकांचं राज्य. टायपिस्ट बायकांनी प्रथेप्रमाणे, गमतीनं, कात्र्या घेऊन सगळ्या साहेबांचे टाय कापले. माझा शाबूत. केवढा दरारा! कॉरिडॉरमधून मुद्दाम तीन फेऱ्या मारल्या, तरी कुणाची हिंमत झाली नाही.

दुपारी ३
रेन्शसाहेब विदूषकाचं लाल नाक लावून आले. पाठीवर थाप मारून म्हणाले, अरे, तू अजून आहेस होय इथं? ‘तू’ म्हणाले! आमच्याकडे ऑफिसात सगळे एकमेकांना ‘आपण’च म्हणतात; वरिष्ठ एकदा ‘तू’ म्हणाला की दोघंही ‘तू’, जन्माची मैत्री. लिस्बन खिशात.
माझ्या हाताखालचा लोथार कानाशी येऊन म्हणाला, अहो प्रीबेसाहेब, सणातलं ‘तू’ बुधवारपर्यंतच हं. जळतो मेला.

बुधवार, २० फेब्रुवारी
राखेचा बुधवार, सण संपला. सकाळची मीटिंग, चौदा माणसं. मी रेन्शसाहेबांना नावानं म्हटलं, आंद्रेआस, तुझं म्हणणं मला पटतं. सगळे एकदम कागदांत बघायला लागले. आंद्रेआस म्हणाला, आपण बसून घ्यावं, श्रीयुत प्रीबे.
चारचौघांत मैत्री झाकतो. पक्का मुत्सद्दी!

मंगळवार, ५ मार्च
लिस्बन लोथारला. वय अडतीस! मला पत्र : प्रकृतीच्या कारणास्तव मुदतपूर्व निवृत्ती. माझी प्रकृती ठणठणीत आहे. आंद्रेआसच्या मनात माझ्यासाठी लिस्बनहून मोठं काहीतरी असणार. पॅरिस?
इर्मगार्ड गाण्याला गेली.

शुक्रवार, २९ मार्च
निरोप समारंभ. साहेबांचं भाषण दोन मिनिटांचं, त्यातलं दीड मिनिट लोथारवर. पॅरिसचा विषय निघाला नाही.
मग रेन्शसाहेब ग्लास घेऊन जवळ आले. म्हणाले, आता काय, आपण एका ऑफिसात नाही, खुशाल ‘तू’ म्हणूया. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ग्लास उचलला.
त्यांनी इर्मगार्डकडे वळून विचारलं, यांचं पहिलं नाव काय हो?
तिनंच सांगितलं. मी ग्लास खाली ठेवला.