कड्यावरचं ताट

किन्नौर,
२१ ऑगस्ट १९८६

चि. यांगचेन हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आणि तुझी आई लिहिते, तेव्हा चुका तिच्या, शहाणपण माझं. शिमल्यात तू रोग्यांना सुया टोचायला शिकतेस म्हणे. मग आजीला चार ओळी लिहायला हात दुखतो का गं? इकडे शेतात ओगल्याचं पीक फुललंय, गाय व्यायली.

आता मुद्द्याचं. फुलांचा सण जवळ आला. सरत्या वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरानं कड्यावर त्याच्या आवडीचं ताट मांडायचं. यंदा तुझ्या बापाचं मांडावं म्हणते. गेल्या सणाला तो देवीसाठी ब्रह्मकमळं आणायला वर चढला, ढग उतरले, बाकीचे परतले, तो राहिला. खडकाच्या फटीतलं ते फूल नुसत्या वासानं भोवळ आणतं. तोल गेला असेल.

ताट मांडलं की माणूस मेला, असं तुझी आई म्हणते. हे लिहितानाही थांबून बसली होती. मी कोपर मारलं तेव्हा हात हलला. तूच समजाव तिला. दाराकडे बघत जेवणारी सून मला बघवत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

शिमला,
३० ऑगस्ट

ती. आजीस यांगचेनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला. बाबांचं काहीच हाती लागलेलं नाही, आणि तू पोटच्या मुलाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवतेस? रामपूरच्या बाजारात हिरव्या टोपीतला, त्यांच्याच चालीचा माणूस दिसला, असं माझ्या मैत्रिणीचे काका सांगत होते. ताट मांडलंस तर मी घरी येणार नाही. आईला जप. उलट बोलले, तरी पदरात घे.

तुझी यांगचेन

किन्नौर,
१२ सप्टेंबर

चि. यांगचेन हिस अनेक आशीर्वाद.

हिरवी टोपी अख्ख्या किन्नौरच्या डोक्यावर असते, बाळ. काकांना म्हणावं, डोळ्यांत औषध घाला. तरी तुझं पत्र ऐकून मी हट्ट सोडला होता.

सणाच्या सकाळी उठले, तर तुझी आई चुलीपाशी ओगल्याची धिरडी घालत होती, तुझ्या बापाला आवडायची तशी जाड. मी विचारायच्या आत म्हणाली, आले तर घरी जेवतील, पण नाही आले तर वर उपाशी राहायला नकोत.

कड्यावर ताट मांडून ज्याचं त्याचं नाव हाकारतात. घरातली थोरली मी, हाक माझी. पण दिवसभर चालणारी माझी जीभ टाळूला चिकटली. शेवटी तुझ्या आईनं हाक मारली, गंगाबीर. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. समोरच्या कड्यानं ते परत केलं, तर ही कान देऊन उभी राहिली. गावकरीही थांबले. मग तिनं वाकून ताट खडकाच्या आडोशाला सरकवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

आता ती उठता-बसता त्याचं नाव घेते. गाईशी बोलतानाही घेते. मी टोकत नाही. तू ये, आणि तूही टोकू नकोस. आम्हा दोघींवर जीव असू दे.

तुझी आजी